उताराची माती



यंदा वर्धापनदिनाच्या निमित्ताने मागच्या टेकडीवर झाडे लावावयाचे मंडळाने ठरविले आहे. संकल्प उत्तम आहे. परंतु "आधी गवत खरवडून टेकडी स्वच्छ करू" असे जे बोलले जात आहे, त्याविषयी मला चार शब्द सांगावयाचे आहेत.

पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे ३० फूट वेगाने खाली येतो. उघड्या जमिनीवर तो आपटला म्हणजे ढेकूळ फुटते आणि बारीक कणांनी जमिनीची छिद्रे बुजतात. मग पाणी मुरत नाही, उताराने धावू लागते. उतार जितका उभा तितका वेग अधिक. आणि वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर चौपट होतो. म्हणूनच कोकणात वरकस उतारावर काही वर्षे नाचणी-वरी पिकवून ती जमीन पड टाकीत असत.

पाणी माती नेते तीही निवडून. हलके, कुजलेले खत आणि चिकण कण आधी जातात. खडे मागे राहतात. आपण पीठ ठेवून कोंडा टाकतो; पाणी पीठ नेते आणि कोंडा आपल्यासाठी ठेवते. अशा जमिनीत ओल टिकत नाही आणि रोपही धरत नाही.

३० जुलै २०१४ रोजी माळीणवर दरड कोसळली, दीडशेच्या वर माणसे गेली; ते सर्वांच्या ध्यानात आहे. रोजची धूप मात्र आवाज करीत नाही. १९८३ साली शास्त्रज्ञांनी देशाचा अंदाज केला, तो हेक्टरी वर्षाला सरासरी १६ टनांचा होता. हा थर जेमतेम एका मिलिमीटरहून थोडा अधिक भरतो. डोळ्यांना तो दिसायचा कसा?

मागच्या हळदीकुंकवाला मी दोन पराती तिरक्या ठेवून झारीने पाणी घातले होते. उघड्या मातीखालचे पातेले गढूळ झाले. गवताच्या ढेपेखालचे जवळजवळ नितळ राहिले. गवताची पाती थेंब झेलतात, मुळे माती बांधतात. नुसते झाड हे काम करीत नाही. सागाच्या रुंद पानावरून तर थेंब अधिक मोठा होऊन पडतो. खाली गवत वा पाचोळा नसेल तर तोही माती उडवितो.

तेव्हा माझी विनंती अशी. खड्ड्यापुरते हातभर गवत काढावे, बाकीचे राखावे. पाचोळा जाळू नये. चर खणावयाचे ते उताराला आडवे, समपातळीत खणावे.

राहिला शेळ्यांचा प्रश्न. काही घरांची चूल शेळ्यांवर चालते. त्यांना टेकडी एकदम बंद करणे मला न्यायाचे वाटत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने चराईबंदी केली, पण गवत कापून नेण्याची मुभा ठेवली. आपणही अर्धी टेकडी आलटून पालटून बंद ठेवू आणि बंद भागातले गवत विळ्याने कापून त्याच घरांना आधी देऊ.

हा ठराव पुढच्या सभेत मी मांडणार आहे. त्या सभेला शेळ्या पाळणाऱ्या भगिनींनाही आवर्जून बोलवावे, आणि त्यांचे म्हणणे आधी ऐकून मगच हात वर करावेत, एवढे सांगून मी आपली रजा घेते.