स्वागताध्यक्षीय भाषण : पाण्याच्या रेणूतील बंध



फास्ट लोकलमधून डोंबिवलीला उतरता आले, याबद्दल प्रथम अभिनंदन! या नगरीत आपले मनःपूर्वक स्वागत.

हे गाव नुसते झोपायला येणाऱ्या चाकरमान्यांचे, असे मुंबईकर म्हणतात. म्हणोत बापडे! साहित्यिक पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे या गावचेच. २०१७ साली ९०वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथेच भरले. आणि आमचे गणेश मंदिर! गुढीपाडव्याची स्वागतयात्रा आज गिरगावापासून गावोगाव निघते. पण ती पहिल्यांदा निघाली १९९९ साली, या मंदिराच्या पुढाकाराने. माजी नगराध्यक्ष आबासाहेब पटवारी यांची ती कल्पना. ढोल-लेझीम सगळ्यांनी उचलले, आबासाहेबांचे नाव मात्र बाहेरगावी कुणी घेत नाही. म्हणून मी ते इथे मुद्दाम घेतो.

आता या परिषदेचा विषय. मी रसायनांचा व्यापारी, पिंपांच्या हिशेबातला माणूस. कार्यवाहांनी मला समजावले ते असे : पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन दोन हायड्रोजनना सहसंयुज बंधाने घट्ट धरतो, १०४.५ अंशांच्या कोनात. शेजारच्या रेणूशी असतो तो हायड्रोजन बंध, ताकदीने जेमतेम विसावा हिस्सा; इथे सुटतो, तिथे जुळतो. दिवाळी पहाटेला फडके रोडवर आमची तरुण पोरे हेच करतात! पण हा हायड्रोजन बंध नसता, तर पाण्याची शून्य अंशाच्या कितीतरी खालीच वाफ झाली असती. पुणे विद्यापीठाच्या डॉ. श्रीधर गद्रे यांचे पाण्याच्या रेणुसमूहांवरचे संगणकीय काम आपण जाणताच. पुढचे तज्ज्ञांनी बोलावे.

व्यवस्थेत उणिवा आहेत. निवासाच्या वरच्या मजल्यावर पाणी कमी दाबाने चढते. पाण्याच्याच परिषदेत हे सांगताना मान खाली जाते. टँकर सांगितला आहे, तरी बादल्या रात्रीच भरून ठेवाव्यात. एमआयडीसीतल्या कारखान्यांकडून वारा आला, तर खिडक्या लावून घ्याव्यात. लिफ्ट मध्येच रुसते. ज्येष्ठांची सोय तळमजल्यावर केली आहे.

कारखानदार मित्रांनी मंडपाचा भार उचलला, सराफांनी स्मृतिचिन्हे दिली, पोळी-भाजी केंद्राच्या ताईंनी नफा न घेता जेवण पत्करले, कॉलेजची मुले पहाटेपासून स्टेशनवर फलक धरून उभी आहेत. ज्यांचे नाव राहिले, त्यांनी उदार मनाने क्षमा करावी. त्यांच्या पावत्या मात्र जपून ठेवल्या आहेत.

आपले पुन्हा एकदा स्वागत करून अध्यक्षांना सूत्रे घेण्याची विनंती करतो.