अकरा वेळा एकच तालुका



सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचं नाव अलीकडे घरोघरी पोचलं ते २०२२ साली, आमदारांच्या बंडाच्या वेळी गुवाहाटीच्या हॉटेलातून झालेल्या एका फोनमुळे. तिथल्या झाडीचं आणि डोंगराचं तोंड भरून कौतुक करणारे आमदार याच तालुक्याचे. महाराष्ट्राची घटकाभर करमणूक झाली. पण त्याआधी पन्नासेक वर्षं सांगोला म्हटलं की विधानभवनात एकच माणूस डोळ्यांपुढे यायचा, तो म्हणजे गणपतराव देशमुख. तालुक्यात त्यांना आबासाहेब म्हणत.

पेशानं वकील, पक्ष शेतकरी कामगार, म्हणजे शेकाप. १९६२ साली ते पहिल्यांदा निवडून आले आणि २०१४ साली शेवटचे. सगळ्या मिळून तेरा लढती दिल्या, त्यांतल्या अकरा जिंकल्या. मतदारसंघ तोच, झेंडाही तोच लाल. आपल्याकडे आमदार पाच वर्षांत तीन पक्ष फिरून येतो, म्हणून हे मुद्दाम सांगायचं.

त्यांच्याविषयी लिहिताना वर्तमानपत्रं एसटीच्या प्रवासाची आणि साध्या राहणीची गोष्ट सांगतात. ती खरीच आहे. पण एसटीनं प्रवास करतो म्हणून कुणी कुणाला अकरा वेळा निवडून देत नाही. मला त्यांचे दोन पराभव जास्त बोलके वाटतात. पहिला १९७२ चा. इंदिरा गांधींची लाट होती, काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले. त्याच सुमारास सोलापूर जिल्ह्यावर दुष्काळ कोसळला आणि माणसं खडी फोडायला रस्त्यावर आली. १९७४ ला पोटनिवडणूक लागली तेव्हा लोकांनी पुन्हा गणपतरावांनाच निवडलं. दुसरा पराभव १९९५ चा, दोनशेहूनही कमी मतांचा, शहाजीबापू पाटलांकडून. होय, गुवाहाटीच्या फोनवाले तेच शहाजीबापू. पुढच्या निवडणुकीत गणपतराव परत सभागृहात हजर. म्हणजे तालुक्यानं त्यांना गृहीत धरू दिलं नव्हतं, आणि त्यांनीही तालुक्याला गृहीत धरलं नसावं.

गणपतरावांची बहुतेक वर्षं विरोधी बाकावर गेली. तिथल्या आमदाराच्या हातात असतं तरी काय? तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपातसूचना, अर्ध्या तासाची चर्चा. निधी सरकारच्या हातात, बदल्या सरकारच्या हातात. मग उरतो अभ्यास. अर्थसंकल्पाची जाडजूड पुस्तकं खरोखर उघडून बघणारे आमदार सभागृहात मोजकेच असतात, आणि अशांना कुठल्याही पक्षाचा मंत्री जरा जपूनच उत्तर देतो. मंत्रिपद गणपतरावांनाही दोनदा मिळालं. १९७८ साली शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या, म्हणजे पुलोदच्या, सरकारात ते होते. ते सरकार १९८० च्या फेब्रुवारीत बरखास्त झालं. १९९९ ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात गेले.

त्यांची खरी कारकीर्द पाण्याची. सांगोला हा माणदेशाचा भाग. माण नदी तालुक्यातून जाते, पण वर्षातले कितीतरी महिने तिच्यात वाळूच दिसते. पाऊस पडायचा तो पश्चिमेला सह्याद्रीवर पडून जातो. इथल्या वाट्याला वारा आणि ढगांची सावली. कृष्णेत पाणी आहे, पण ते खाली आणि माणदेश वर. म्हणजे पाणी टप्प्याटप्प्यानं पंपांनी उचलून आणायचं. कराड तालुक्यातल्या टेंभूहून निघणारी योजना त्यासाठीच. आटपाडीला क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि गणपतराव यांच्या पुढाकारानं तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली. ती एकदा भरून, ठराव करून संपली नाही. वर्षामागून वर्षं भरत राहिली. मागणी समन्यायी पाणीवाटपाची होती. नदीकाठच्यानं उसाला वाटेल तितकं पाणी पाजायचं आणि वरच्यानं टँकरची वाट बघायची, हे चालणार नाही, असा तिचा साधा अर्थ.

बरं, पाणी येईपर्यंत करायचं काय? कमी पाण्यावर जगणारी बोर आणि डाळिंब. १९९० च्या सुमारास रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि सांगोल्याच्या माळावर डाळिंब फुललं. पुढे तेल्या रोगानं बागा झोडपल्या, तो भाग वेगळा. शिवाय सूतगिरणी. सांगोला काही कापसाचा मुलूख नव्हे, तरीही तिथं सहकारी सूतगिरणी उभी राहिली, आणि महिलांची वेगळी गिरणीही. राज्यातल्या किती सहकारी गिरण्या कर्जात बुडाल्या हे आपण पाहिलंय; सांगोल्याचं नाव मात्र चांगल्या कारभारासाठी घेतलं जायचं.

आता एक अवघड प्रश्न. हाच माणूस सत्ताधारी पक्षात असता, तर पाणी वीस वर्षं आधी आलं नसतं का? कदाचित आलंही असतं. कालवे कुणाच्या शिवारातून आधी जातात, हे महाराष्ट्राला सांगायला नको. टेंभूचं पाणी माणदेशात वळेपर्यंत एक पिढी परिषदांना जाऊन म्हातारी झाली. ही विरोधात राहण्याची किंमत, आणि ती एकट्या गणपतरावांनी मोजली नाही, तालुक्यानंही मोजली. तरी तालुका त्यांना मत देत राहिला. त्याला मी भाबडेपणा म्हणणार नाही. सरकारं आली-गेली, आपला माणूस विकला जाणार नाही, याची खात्री लोकांना पाण्याइतकीच हवी असावी.

२०१९ ला वयामुळे ते उभे राहिले नाहीत. नातू उभा राहिला आणि थोडक्यात हरला, पुन्हा शहाजीबापूंकडूनच. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात गणपतराव गेले. २०२४ ला दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, सांगोल्यातून निवडून आले. एकेकाळी विधानसभेत दुहेरी आकड्यात आमदार असलेल्या शेकापचा राज्यभरातून त्या वेळी तेवढा एकच उमेदवार निवडून आला. आबासाहेबांनी तालुका राखला, पक्ष मात्र त्यांच्या भोवतीनं आटत गेला. आणि जो आमदार उरला, तोही त्यांच्याच घरातला.