कापसावरचे अकरा टक्के

परदेशी मालाला दार उघडावं की आयात शुल्काची कडी लावावी, हा अर्थशास्त्रातला जुना वाद छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कापूस उत्पादकाच्या थेट खिशाशी येऊन भिडतो.

२०२१ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने आयात कापसावर एकूण ११ टक्के शुल्क लावलं. १९ ऑगस्ट २०२५ पासून ते माफ झालं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. अमेरिकेच्या ५० टक्के शुल्काने कापड निर्यातदार अडचणीत आले होते. गिरण्यांना कच्चा माल स्वस्त मिळणं या निर्यातदारांच्या दृष्टीने गरजेचं होतं.

पण पैठण, सिल्लोड, कन्नडकडची वेचणीही याच काळात. बाहेरच्या गाठी स्वस्त झाल्या की इथला भाव दबतो. मध्यम धाग्याच्या कापसाला हमीभाव होता क्विंटलला ७,७१० रुपये. पण भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. पावसात भिजलेला कापूस मग खासगी व्यापाऱ्याच्याच काट्यावर जातो.

या जुन्या वादावर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्यातल्या व्याख्यानात सांगितलं होतं, की मुक्त व्यापाराचे नियम सगळ्या देशांना सरसकट लागू पडत नाहीत. परिस्थिती पाहून धोरण ठरवावं.

तेव्हा शुल्क जरूर हटवावं, पण ऐन हंगामात नको. आणि हटवलंच, तर खरेदी केंद्रं वेचणीआधी सुरू व्हायला हवीत.