चुलीची ऊब दगडात, कांद्याचं बी डब्यात



एप्रिल-मे महिन्यात कांद्याचं बी हाती येतं आणि रब्बीचं रोप टाकायचं ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मधे उभा पावसाळा. कांद्याचं बी मुळातच अल्पायुषी, त्यात दमट हवा. रोप विरळ उगवलं की बोल बियाण्याला लागतो. पण पुष्कळदा दोष ओलाव्याचा असतो. बियातली ओल एका टक्क्याने उतरली की त्याचं आयुष्य साधारण दुपटीने वाढतं, असा ठोकताळा आहे.

काळ्या पाषाणात विहीर खोदताना पोकळीत पांढरे, गुलाबी स्फटिक निघतात ना? नाशिक, जळगाव, पुणे भागात ते पुष्कळांनी पाहिले असतील. त्यांतले बरेचसे झिओलाइट जातीचे. 1756 मध्ये क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने असा दगड तापवला, तर त्यातून वाफ निघाली. म्हणून ग्रीक शब्दांवरून नाव पडलं ‘उकळणारा दगड’. अर्थात विहिरीतला खडा फोडून वापरा असं मी सांगत नाही. याच जातीचे मणी कारखान्यात तयार होतात, ते घ्यावेत.

मण्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. पाण्याची वाफ त्यांच्या भिंतींना घट्ट धरून राहते. तिला हुसकावायला उष्णता द्यावी लागते. आता तुम्ही म्हणाल, मणी गार झाल्यावर ती उष्णता गेली कुठे? काही हवेत गेली, पण वाफ सोडवण्यात खर्ची पडली ती जणू उसनी राहते. कोरडा मणी हवाबंद ठेवला तर महिनोन्‌महिने ती टिकते. पाणी मिळालं की परत ऊब देतो. जर्मनीत म्युनिकच्या एका शाळेत 1990 च्या दशकात 7 टन झिओलाइट भरून याच रीतीने इमारत गरम केली होती. आपल्याला ऊब नको, कोरडेपणा हवा, एवढाच फरक.

मणी लोखंडी कढईत चांगले तापवावे लागतात, दोनशे अंशांच्या वर. उन्हात भागत नाही. मग गरम असतानाच घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून गार होऊ द्या. उघड्यावर गार केले तर हवेतलीच ओल पितील आणि सरपण फुकट! गरम मणी बियाजवळ नकोतच.

हिशेब असा. 10 टक्के ओलीचं 1 किलो बी 6 टक्क्यांवर आणायचं तर सुमारे 43 ग्रॅम पाणी काढायचं. मणी वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकं पाणी धरतात, म्हणून पाव किलो मणी पुरेत. ते कापडी पिशवीत बांधून बियासोबत हवाबंद बरणीत ठेवा. सुट्टे टाकाल तर निवडत बसाल. आठवड्याने पिशवी तोला: पाव किलोची तीनशे ग्रॅमच्या आसपास गेली तर मणी भरले, पुन्हा तापवा.

सोयाबीनवर मात्र हे करू नका. फार सुकलं की साल तडकते. आणि कोरडे मणी ओल्या हातात घेऊ नका, चटका बसतो. मुलांपासूनही लांब ठेवा.