ठासणीच्या बंदुकीचा तोल

मिरवणुकीत आपली मुलं मावळ्यांच्या वेशात बंदुका घेऊन निघतात. ऐट झकास! पण धरतात कशी? डावा हात चापाला चिकटलेला आणि नळी पुढे लोंबतेय. अरे, डावा हात पुढे घ्या, तोलाखाली घ्या!

ठासणीच्या जुन्या बंदुकीची नळी जड असायची ती हौसेखातर नव्हे. लोखंडाची पट्टी गजाभोवती गुंडाळून, तापवून, ठोकून नळी जोडायची. दारूचा जोर तिने सोसायचा, म्हणून तळाशी जाड. तोंडाकडे निमुळती केली तर तोल मागे येतो. अष्टकोनी नळी शेवटपर्यंत सारखीच जाड ठेवली, तर सगळं ओझं पुढे. आता आपल्या बंगळुरूच्या चिकपेटेतला हमाल आठवा. पडद्याच्या कापडाचा लांब रोल खांद्यावर घेतो, दोन पावलं चालतो, थांबतो आणि रोल वीतभर मागे सरकवतो. वजन तेवढंच, पण आता रोल खाली झुकत नाही. गल्लीच्या वळणावर पुढचं टोक हेलकावे खाऊ लागलं की तो हात पुढे नेतो. त्याला हे कोणी शिकवलं नाही. तुम्हाला मी शिकवतोय, तर ऐका. बंदूक आडवी एका बोटावर ठेवून पाहा. जिथे स्थिर राहील, त्याच्या आसपास डावा हात.

इथे घाई नको, कारण तोड्याच्या किंवा चकमकीच्या बंदुकीत चाप ओढला की गोळी लगेच सुटत नाही. आधी कानातली दारू पेटते, मग आतली. तेवढा वेळ नळी हलता कामा नये. जड नळी हलत नाही हा तिचा गुण, आणि दंड भरून येतो हा दोष. म्हणूनच जेजालीसारखं, म्हणजे लांब जड बंदुकीचं, धूड कोणी नुसत्या हातांवर पेलत नसे. तटाच्या जंगीत, म्हणजे मारा करायच्या भोकात, टेकवायचे, नाहीतर बेचक्यावर. टिपूशी झालेल्या युद्धातले वेढेच घ्या: १७९१ च्या मार्चमध्ये इंग्रजांच्या कॉर्नवॉलिसने आधी बंगळुरूची पेठ घेतली, मग २१ तारखेच्या रात्री किल्ला. तिकडे मराठ्यांचे परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडला वेढा घालून सप्टेंबर १७९० पासून एप्रिलपर्यंत अडकून पडले. अशा वेढ्यांत तटामागच्या माणसाला टेकू मिळतो, उघड्यावरच्याला नाही, आणि तिथे... असो, तो विषय मोठा आहे.

टेकूसुद्धा नळीच्या टोकाला नको हं! तोलाजवळ, लाकडाखाली, आणि मध्ये घडी घातलेलं कापड. नुसत्या दगडावर नळी टेकवली तर बार उडताना ती उसळते, गोळी वर जाते. पुन्हा सांगतो, कारण कोणीतरी आत्ताच रेडिओ लावला असेल: डावा हात तोलाखाली. चापाजवळ नाही.

काचेपलीकडून बोट दाखवताहेत, वेळ संपत आली. भरताना दस्ता जमिनीवर, तोंड चेहऱ्यापासून लांब, हे तुम्हाला ठाऊक आहेच. दस्त्यात शिसं ओतून तोल मागे आणणारेही आहेत, पण त्याने एकूण ओझं वाढतं, आणि मग खांदा... बरं, नमस्कार.