लिपी आणि आपले दप्तर
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



भाषा मुखातून मुखात जगते. लिपी मात्र शिकविल्यावाचून जगत नाही. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने अशोकाचे दोन स्तंभ दिल्लीस आणविले. त्यांवरील ब्राह्मी लेख वाचू शकेल असा एकही पंडित त्यास लाभला नाही. तो उलगडा जेम्स प्रिन्सेप याने १८३७ साली केला. नवल हे की, आपली नागरी त्याच ब्राह्मीची वंशज! पणतीने पणजीस ओळखू नये, तसा हा प्रकार.

आपली मोडी आज त्याच वाटेवर आहे. तिचा आरंभ परंपरा यादवांचा मंत्री हेमाद्री याजकडे देते. ग्रंथांसाठी बाळबोध, तर व्यवहारासाठी मोडी, अशी वाटणी होती. आधी शिरोरेघ ओढावयाची आणि बोरू शक्यतो न उचलता तिजखाली अक्षरे ओवीत जावयाचे. ऱ्हस्वदीर्घाचा भेद तीत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ सारखेच लिहिले जातात, अर्थ संदर्भावरून लावावा लागतो. कारकुनाच्या वेगास ती सोयीची होती. पुढे छापखान्यांत बाळबोध रूढ झाली आणि विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतूनही गेली.

लिपी गेली, कागद मात्र राहिले. कित्येक घरी माळ्यावर रुमालात बांधलेली खरेदीखते, गहाणखते, वाटणीपत्रे पडून आहेत. वाचता येत नाहीत म्हणून निरुपयोगी, आणि निरुपयोगी म्हणून रद्दीत, असा त्यांचा प्रवास आम्ही पाहिला आहे. ज्या कागदावर पणजोबांची निशाणी, तो वजनावर विकला जावा, याहून खेदाची गोष्ट कोणती?

२०१४ साली मोडीस युनिकोडमध्ये स्थान मिळाले, हे उत्तमच झाले. परंतु संगणकात अक्षरास जागा मिळाली, तरी घरचे हस्ताक्षर लावणारा मनुष्य घरातच घडावा लागतो.

म्हणून मंडळास आमची नम्र सूचना अशी की, विद्यार्थी-निधीतून दरवर्षी मोडीचा एक वर्ग चालवावा आणि प्रत्येक घराने निदान एक मुलगा वा मुलगी तेथे पाठवावी. तोवर कागद ओल व वाळवीपासून जपावेत, डिंकाने चिकटवू नयेत, त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. पूर्वजांचे श्राद्ध आपण श्रद्धेने करतो. त्यांनी लिहिलेले वाचणे, हेही पितृऋण फेडणेच होय.