सातबारा कोणाचा?

मैत्रिणींनो,

एम.एस.डब्ल्यू. करताना मी न्याय्य व्यापार शिकले : कापसाला रास्त भाव, वर जादा रक्कम, तिचा विनियोग गटाचे सभासद ठरवणार. यवतमाळकडच्या बैठकीत हे उत्साहाने सांगितलं. एकीने विचारलं, "ताई, निंदण-वेचणी माही. सातबारा इकडे सासऱ्याचा, तिकडे भावाचा. मंग सभासद कोन?" मी निरुत्तर झाले.

एप्रिल १९९४ मध्ये माराकेशला जागतिक व्यापार करारावर सह्या झाल्या. त्याच जूनमध्ये महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क दिला. आधी लग्न झालेल्या मात्र वगळल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने त्यांनाही हक्क मिळाला. करार शेतापर्यंत पोचला, हक्क अजून सातबाऱ्यावर चढायचाय. पुढच्या बैठकीला दोन्ही घरचे सातबारे आणा. मिळून वाचू.